खालची पट्टी वर गेली: विस्कटलेला टास्कबार पुन्हा बसवताना

घरच्या कॉम्प्युटरवर टास्कबार, म्हणजे स्क्रीनच्या तळाची आयकॉनची पट्टी, विस्कटला की पहिला सल्ला मिळतो ‘रिस्टार्ट करून बघ’, आणि दुसरा ‘विंडोज पुन्हा टाकून घे’. पहिल्याने बहुधा काहीच होत नाही. टास्कबार कोणत्या कडेला आहे, किती जाड आहे, लपवलेला आहे का, त्यावरचे आयकॉन कोणत्या क्रमाने आहेत, हे सगळे वापरणाऱ्याच्या खात्यात विंडोज लिहून ठेवते. म्हणून मशीन बंद करून चालू केले तरी पट्टी विस्कटलेलीच उठते. फॉरमॅट मारणे म्हणजे तर डोंगर पोखरून उंदीर काढणे.

करायचे ते उलट: हात लावण्याआधी नेमके काय झाले आहे ते बघायचे. पट्टी आहे पण वर, डावीकडे किंवा उजवीकडे गेली आहे? खालीच आहे पण दोन-तीन ओळींची जाड झाली आहे? दिसतच नाही? की जागेवर आहे पण त्यावरचे आयकॉन इकडचे तिकडे झाले आहेत? या चार तक्रारींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. एकीचा उपाय दुसरीला लावला की घोळ वाढतो.

त्याआधी आपले विंडोज कोणते ते माहीत हवे, कारण १० आणि ११ मध्ये टास्कबार मुळातच वेगळा आहे. ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिस्टिम’ आणि त्यात सगळ्यात खाली ‘अबाउट’ इथे ते लिहिलेले असते. सेटिंग्ज उघडायला पट्टी लागत नाही. विंडोजची की दाबून धरा आणि आय दाबा. पट्टी सापडत नसेल तेव्हा ही जोडी फार उपयोगी पडते.

पट्टी दुसऱ्या कडेला गेली आहे

हे प्रामुख्याने विंडोज १० वर घडते. तिथे पट्टीला एक कुलूप आहे, ‘लॉक द टास्कबार’ नावाचे. ते उघडे राहिले की पट्टीच्या रिकाम्या जागेवर माउसचे डावे बटण दाबून जरा ओढले तरी अख्खी पट्टी उचलली जाते आणि पॉइंटर ज्या कडेला जाईल तिथे चिकटते. लॅपटॉपवर तर बटण दाबायचीही गरज नसते. टचपॅडवर दोनदा टॅप करून बोट तसेच सरकवले तर विंडोज ते ‘धरून ओढणे’ समजते. चार वर्षांच्या मुलाने टचपॅडवर केलेला नाच यासाठी पुरेसा असतो.

परत आणायचे असे:

१. पट्टीच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक करा. आयकॉनवर नको; आयकॉनवर केलेत तर त्या प्रोग्रामचा मेनू उघडतो. पट्टी खचाखच भरली असेल तर ‘टास्क व्ह्यू’च्या (उघड्या खिडक्या एकत्र दाखवणाऱ्या) बटणावर राइट क्लिक केले तरी चालते.

२. ‘लॉक द टास्कबार’समोर बरोबरची खूण असेल तर क्लिक करून ती काढा.

३. रिकाम्या जागेवर डावे बटण दाबून धरा आणि पॉइंटर सरळ स्क्रीनच्या खालच्या कडेपर्यंत न्या. अर्ध्या वाटेत पट्टी जागची हलत नाही, त्यामुळे ‘होत नाहीये’ असे वाटून लोक बटण सोडतात. पॉइंटर कडेजवळ पोहोचला की ती एकदम उडी मारून येते. तेव्हा सोडा.

४. पुन्हा राइट क्लिक करून कुलूप लावा. ही पायरी हमखास विसरली जाते, आणि आठवड्याने तीच तक्रार परत येते.

ओढणे जमत नसेल, हात थरथरत असेल किंवा टचपॅड त्रास देत असेल, तर दुसरी वाट जास्त सोपी आहे. सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’, त्यात ‘टास्कबार’, आणि तिथे ‘टास्कबार लोकेशन ऑन स्क्रीन’ या यादीतून ‘बॉटम’ निवडा. पट्टी लगेच खाली येते. फोनवरून आईवडिलांना किंवा परगावच्या काकांना समजावत असाल तर हीच वाट सांगा. ‘रिकामी जागा धरून ओढा’ हे फोनवर सांगणे म्हणजे दहा मिनिटांची कवायत आहे.

विंडोज ११ ची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आले तेव्हा पट्टी वर किंवा बाजूला नेण्याची सोय त्यातून काढून टाकलेली होती आणि कुलूपही गेले. तिथे ‘सगळे मधे गेले’ ही तक्रार असते, आणि ती बिघाड नसून मूळ मांडणीच तशी आहे. स्टार्टचे बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात हवे असेल तर पट्टीवर राइट क्लिक, ‘टास्कबार सेटिंग्ज’, खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ उघडा आणि ‘टास्कबार अलाइनमेंट’ला ‘लेफ्ट’ करा. वर्षानुवर्षे डाव्या कोपऱ्यात क्लिक करायची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी हा बदल आवर्जून करावा. नव्या मांडणीशी त्यांनीच जुळवून घ्यावे असे काही नाही.

विंडोज ११ वर पट्टी खरोखरच वर किंवा उभी दिसत असेल, तर आधी टास्कबार सेटिंग्जमध्येच जागेचा पर्याय आहे का ते पाहा. नसेल तर कोणीतरी बाहेरचा प्रोग्राम टाकला आहे असे समजा. ‘एक्सप्लोरर पॅचर’ आणि ‘स्टार्ट ऑल बॅक’ ही त्यातली नेहमी दिसणारी नावे. असे प्रोग्राम विंडोजच्या पोटात शिरून पट्टी बदलतात, म्हणून एखाद्या मोठ्या अपडेटनंतर पट्टी लुकलुकते, उघडझाप करते किंवा येतच नाही. तेव्हा पट्टी दुरुस्त करत बसू नका. सेटिंग्जमधल्या ‘ॲप्स’च्या यादीतून तो प्रोग्राम काढा आणि मग रिस्टार्ट करा, इथे रिस्टार्टचा खरोखर उपयोग आहे.

पट्टी जाड झाली आहे

विंडोज १० वर कुलूप उघडे असेल तर पट्टीची वरची कड ओढून ती स्क्रीनच्या निम्म्यापर्यंत वाढवता येते. कमी करायला कुलूप काढा, पॉइंटर वरच्या कडेवर न्या, दोन तोंडांचा बाण दिसला की दाबून खाली ओढा. एका ओळीवर आली की कुलूप लावा.

कधीकधी कितीही ओढले तरी पट्टी दोन ओळींच्या खाली येत नाही. कारण दुसऱ्या ओळीत एखादा ‘टूलबार’ बसलेला असतो. राइट क्लिकच्या मेनूत सगळ्यात वर ‘टूलबार्स’ आहे. त्यात ‘ॲड्रेस’, ‘लिंक्स’, ‘डेस्कटॉप’ यांपैकी ज्याच्यापुढे खूण असेल ती काढा आणि मग ओढा. पट्टी डाव्या-उजव्या कडेला असताना रुंद झाली असेल तर आधी खाली आणा, मग जाडी बघा.

विंडोज ११ वर जाडी ओढून बदलत नाही आणि हे टूलबारही नाहीत. तिथे पट्टी अचानक मोठी दिसू लागली तर तिच्याबरोबर बाकीची अक्षरेही मोठी झालेली आढळतील. ते ‘स्केल’चे काम. सेटिंग्ज, ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’ इथे जाऊन ज्या टक्क्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिले आहे तो निवडा. त्याखालच्या ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’लाही तोच नियम. रिझोल्यूशन बदलल्यावर ‘कीप चेंजेस’ असे विचारले जाते. १५ सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज आपणहून जुन्यावर परत जाते. म्हणजे चुकीचे निवडून स्क्रीन काळी पडली तरी घाबरायचे नाही, हात बाजूला ठेवून थांबायचे.

पट्टी दिसतच नाही

इथे सर्वात जास्त घबराट होते. पण विंडोजची की एकदा दाबून बघितली की अर्धे निदान होते.

की दाबल्यावर स्टार्ट मेनूबरोबर पट्टीही वर आली आणि मेनू बंद केल्यावर पुन्हा गेली, तर ती लपवलेली आहे. टास्कबार सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली हाइड’ बंद करा. विंडोज १० मध्ये हे दोन ठिकाणी आहे, एक डेस्कटॉप मोडसाठी आणि एक टॅब्लेट मोडसाठी, दोन्ही बघा. विंडोज ११ मध्ये ते ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये आहे.

फक्त ब्राउझर उघडा असतानाच पट्टी जात असेल तर एफ ११ दाबले गेले आहे. तीच की पुन्हा दाबा. काही लॅपटॉपवर ‘एफएन’सह दाबावी लागते.

विंडोज १० वर कुलूप उघडे असताना पट्टी ओढून बारीक रेघेइतकीही करता येते. स्क्रीनच्या चारही कडांवर सावकाश पॉइंटर फिरवा. जिथे दोन तोंडांचा बाण दिसेल तिथे पट्टी आहे. तिथून आत ओढा.

लॅपटॉप टीव्हीला जोडत असाल तर आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, पट्टी टीव्हीच्या स्क्रीनवर तर गेली नाही ना. विंडोज आणि पी दाबा, ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा, पट्टी परत येते. दोन्ही स्क्रीन ठेवायच्या असतील तर सेटिंग्जच्या ‘डिस्प्ले’मध्ये लॅपटॉपच्या स्क्रीनचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर खूण करा. दुसरी गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल आणि पट्टी अर्धी कापलेली दिसत असेल, तर दोष विंडोजचा नाही. बरेच टीव्ही चित्र किंचित मोठे करून त्याच्या कडा छाटतात, आणि पट्टी नेमकी कडेलाच असते. टीव्हीच्या रिमोटवरून चित्राच्या आकाराचा मेनू उघडा आणि ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय निवडा. कंपनीगणिक नाव बदलते, काम तेच.

आता शेवटची शक्यता. विंडोजची की दाबूनही काही होत नाही, आयकॉन नाहीत, फक्त वॉलपेपर. याचा अर्थ पट्टी आणि डेस्कटॉप दोन्ही दाखवणारा ‘विंडोज एक्सप्लोरर’ हा प्रोग्राम अडकला किंवा बंद पडला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये तो छोटासा उघडला तर खाली ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून निवडा आणि ‘रिस्टार्ट’ दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि पट्टी येते. यादीत ते नावच नसेल तर विंडोज १० मध्ये ‘फाइल’ मेनूतून आणि ११ मध्ये वरच्या बटणावरून ‘रन न्यू टास्क’ घ्या, इंग्रजी अक्षरांत एक्सप्लोरर हा एक शब्द टाइप करा, एंटर दाबा. उघड्या वर्डच्या फाइलला किंवा ब्राउझरला यामुळे धक्का लागत नाही. मात्र पेन ड्राइव्हवर फोटो कॉपी होत असतील तर ती कॉपी मधेच तुटते. ती आधी पूर्ण होऊ द्या.

याच्या उलट तक्रारही येते: पट्टी लपवायला सांगितली आहे, तरी ती ठाण मांडून बसते. बहुतेक वेळा एखादा प्रोग्राम लक्ष वेधत असतो आणि त्याचा आयकॉन नारिंगी झालेला असतो. त्यावर क्लिक करून तो काय विचारतोय ते बघितले की पट्टी खाली जाते.

आणि अख्खे चित्रच आडवे किंवा उलटे झाले असेल तर तो टास्कबारचा प्रश्न नाही. जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची की दाबली गेली की स्क्रीन फिरते. त्याच दोन कीबरोबर वरचा बाण दाबला की सरळ होते. ते चालले नाही तर ‘डिस्प्ले’मध्ये ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’ला ‘लँडस्केप’ करा. उलट्या स्क्रीनवर माउसही उलटा चालतो, तेव्हा तोल सांभाळा.

आयकॉन इकडचे तिकडे

पिन केलेल्या, म्हणजे पट्टीवर कायम ठेवलेल्या, आयकॉनला कुलूप नाही, १० मध्येही नाही आणि ११ मध्येही नाही. टास्कबार लॉक केला की आयकॉनही जागेवर राहतात, हा गैरसमज आधी दूर केलेला बरा; लॉक असतानाही ते ओढून पुढे-मागे करता येतात. त्यामुळे क्रम बिघडणे ही सगळ्यात सामान्य गोष्ट आहे, आणि दुरुस्तीही तितकीच सोपी: धरा, ओढा, हव्या जागी सोडा.

क्रमाला एक व्यवहारी अर्थही आहे. विंडोजची की आणि १ दाबले की पहिला पिन केलेला प्रोग्राम उघडतो, २ ला दुसरा, असे ९ पर्यंत. म्हणून रोजचे पाच प्रोग्राम ठरलेल्या क्रमात असावेत. पहिला ब्राउझर, दुसरा फाइल एक्सप्लोरर, तिसरा वर्ड असे एकदा हाताला बसले की माउस कमी लागतो आणि क्रम बिघडला तर लगेच कळते.

नाहीसा झालेला आयकॉन परत आणायला तो प्रोग्राम शोधून उघडा, पट्टीवर त्याचा आयकॉन येईल, त्यावर राइट क्लिक करून ‘पिन टु टास्कबार’ निवडा. प्रोग्राम काढला गेलेला नसतो, फक्त पट्टीवरून सुटलेला असतो. क्लिक केल्यावर वस्तू हलवली किंवा काढली आहे असा संदेश आला, किंवा आयकॉन कोऱ्या पांढऱ्या कागदासारखा दिसू लागला, तर तो प्रोग्राम खरोखरच निघालेला किंवा दुसरीकडे गेलेला असू शकतो. जुना पिन काढा, प्रोग्राम असेल तर शोधून नव्याने पिन करा. फोल्डर पट्टीवर थेट पिन होत नाही. तो फाइल एक्सप्लोररच्या आयकॉनवर ओढून सोडा. नंतर त्या आयकॉनवर राइट क्लिक केले की फोल्डर यादीत वर दिसतो.

एकाच प्रोग्रामच्या तीन खिडक्या एका आयकॉनखाली गोळा होतात, किंवा उलट प्रत्येक खिडकी नावासकट वेगळी पसरते, हे ‘कम्बाइन टास्कबार बटन्स’ या पर्यायाचे काम. ‘ऑलवेज’ म्हणजे नेहमी एकत्र, ‘नेव्हर’ म्हणजे वेगवेगळ्या, मधला पर्याय म्हणजे पट्टी भरली तरच एकत्र. विंडोज ११ मध्ये सुरुवातीला हा पर्यायच नव्हता. २०२३ मध्ये तो परत आणला. तो दिसत नसेल तर विंडोजचे अपडेट राहिले आहे. हिशेबाच्या चार एक्सेल शीट एकावेळी उघडणाऱ्यांनी ‘नेव्हर’ ठेवावे; नाव वाचून थेट क्लिक करता येते.

मधेच आलेला शोधाचा लांब चौकोन, हवामान, बातम्या यांनी जागा खाल्ली असेल तर विंडोज ११ मध्ये टास्कबार सेटिंग्जमध्ये वरच ‘सर्च’ आणि ‘विजेट्स’ आहेत. सर्चला ‘हाइड’ किंवा फक्त आयकॉन करा, विजेट्स बंद करा. विंडोज १० वर पट्टीवर राइट क्लिक करून ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’मध्ये ‘टर्न ऑफ’. शोधाचा चौकोन नसला म्हणून शोध जात नाही: स्टार्ट उघडून सरळ टाइप करायला लागले की तो सुरू होतो.

उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळाजवळच्या आयकॉनचे गणित वेगळे आहे. तिथे वरच्या बाणाआड एक कप्पा आहे आणि पेन ड्राइव्ह सुरक्षित काढण्याचा आयकॉन बहुधा त्यातच लपलेला असतो. तो कायम बाहेर हवा असेल तर कप्प्यातून ओढून घड्याळाच्या बाजूला आणा. विंडोज १० मध्ये आवाज, वायफाय किंवा घड्याळच गायब असेल तर टास्कबार सेटिंग्जमध्ये ‘टर्न सिस्टिम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ’ बघा.

मराठीत टाइप करणाऱ्यांच्या पट्टीवर याच कोपऱ्यात भाषेची खूण असते, आणि ती हरवल्याची तक्रार फार. तिची तीन कारणे. एक, विंडोज १० मध्ये वरच्याच यादीत ‘इनपुट इंडिकेटर’ बंद झालेला असतो. दोन, खूण पट्टीवरून सुटून डेस्कटॉपवर एका छोट्या तरंगत्या पट्टीत गेलेली असते. ‘टायपिंग’च्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ आहे; तिथे ‘यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार’वरची खूण काढा. टायपिंग हे विंडोज १० मध्ये ‘डिव्हायसेस’खाली आणि ११ मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली सापडते. तीन, मराठीचा कीबोर्डच यादीतून निघालेला असतो. कीबोर्ड एकच उरला तर विंडोज खूण दाखवतच नाही. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे का पाहा, तिच्या ‘ऑप्शन्स’मध्ये उच्चारांप्रमाणे टाइप करायचा ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही जोडता येतो. खूण दिसो न दिसो, विंडोजची की धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. एखाद्याचा पासवर्ड ‘अचानक चालेनासा’ होतो तेव्हाही हेच तपासावे.

डेस्कटॉपवरच्या आयकॉनबद्दल दोनच गोष्टी. रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘व्ह्यू’ उघडा. ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ची खूण गेली असेल तर सगळे गायब दिसतात, आणि ‘ऑटो अरेंज’ची खूण असेल तर तुम्ही हवे तिथे ठेवलेले आयकॉन परत डावीकडे ओळीने उभे राहतात. आयकॉन एकाएकी अवाढव्य झाले तर कंट्रोल दाबून माउसचे चाक उलटे फिरवा.

इथे थांबा

एक प्रसंग मात्र वेगळा आहे. मशीन सुरू केल्यावर पट्टी अगदी नव्या कॉम्प्युटरसारखी, डेस्कटॉप रिकामा, वॉलपेपर बदललेला, फाइली नाहीत, आणि वर ‘तुमच्या खात्यात साइन इन करता येत नाही’ किंवा ‘टेम्पररी प्रोफाइल’ अशा अर्थाचा संदेश. विंडोजला तुमचे खाते नीट उघडता आले नाही म्हणून त्याने तात्पुरते खाते दिले आहे. पट्टी लावत बसू नका आणि नवीन काही सेव्ह करू नका. साइन आउट केले की या तात्पुरत्या खात्यातले सगळे पुसले जाते. तुमच्या फाइली सी ड्राइव्हमधल्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली असतात. आधी रिस्टार्ट करा. बऱ्याचदा तेवढ्याने मूळ खाते उघडते. दोन-तीनदा करूनही तेच झाले तर त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि मगच जाणकाराला मशीन दाखवा.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे नोंदवून ठेवते तिथे, बदल सुचवणारे व्हिडिओ भरपूर सापडतात. विंडोज ११ च्या पहिल्या आवृत्तीत रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून पट्टी वर नेता येत असे, पण २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर ती युक्ती चालेनाशी झाली. व्हिडिओ अजून आहेत. ग्रुप पॉलिसी, म्हणजे विंडोजवर नियम घालून देण्याची सोय, उघडून पट्टीला कायमचे कुलूप लावण्याचा सल्लाही असाच. घरगुती मशीनवर बहुधा विंडोजची ‘होम’ आवृत्ती असते आणि तिच्यात ग्रुप पॉलिसीचा तो एडिटर येतच नाही.

पुन्हा विस्कटू नये म्हणून

पट्टी मनासारखी लागली की विंडोज आणि प्रिंटस्क्रीन दाबून स्क्रीनचा फोटो घ्या. तो ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ फोल्डरमध्ये जातो. पुढच्या वेळी ‘इथे कोणता आयकॉन होता’ हे आठवत बसावे लागत नाही. पिनच्या शॉर्टकटचे फोल्डर कॉपी करून ठेवण्याचा खटाटोप काही जण करतात. पण क्रम त्या फोल्डरमध्ये नसतो, तो रजिस्ट्रीत वेगळा असतो, म्हणून नुसते फोल्डर परत टाकून पट्टी परत येत नाही. आठ-दहा आयकॉन फोटो बघून हाताने लावायला तीन-चार मिनिटे लागतात. तेच करा.

पण खरा उपाय वेगळे खाते. टास्कबार प्रत्येक खात्याचा स्वतंत्र असतो. मुलाने त्याच्या खात्यात पट्टी कुठेही नेली तरी तुमच्या खात्यात ती हलत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, त्यात विंडोज १० वर ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ किंवा ११ वर ‘अदर यूजर्स’, आणि ‘ॲड’. ईमेल विचारला जातो तिथे ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि पुढच्या पानावर ‘ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडले तर ईमेलशिवाय खाते तयार होते. नाव द्या. खात्याचा प्रकार ‘स्टँडर्ड यूजर’च राहू द्या, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ करू नका. मग बरेच प्रोग्राम टाकताना तुमचा पासवर्ड लागतो. पहिल्यांदा उघडताना ते खाते तयार व्हायला काही मिनिटे जातात. त्यात मुलाचे तीन-चार प्रोग्राम पिन करून द्या. विंडोज १० असेल तर तिथेही टास्कबार लॉक करायला विसरू नका, कारण कुलूपही खात्यागणिक वेगळे असते.

तुमच्या खात्याला पासवर्ड किंवा पिन नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. मूल तुमच्याच नावावर क्लिक करणार. तो ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून लावा, आणि चहा आणायला उठतानासुद्धा विंडोज आणि एल दाबून उठा.